निओवरील हिशोब-टिपणे लिनक्स फोनमध्ये कशी उतरवावीत?

ज्यांचा धंदा फिरतीवर चालतो त्यांना संगणक बरोबर वागविणे परवडत नाही. ऑर्डरची मापे, दरपत्रक, कोणाकडे किती उधारी राहिली ही टिपणे 'अल्फास्मार्ट निओ' या जुन्या यंत्रावर झटपट लिहिता येतात. ॲपल कंपनीतून बाहेर पडलेले केतन कोठारी व जो बॅरस यांनी १९९२ साली अमेरिकेत ही कंपनी काढली. निओ २००४ साली बाजारात आला आणि २०१३ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. तेव्हा आता मिळेल तो जुनाच. पूर्ण आकाराचा कळफलक, वर काही ओळींचा लहानसा पडदा, मजकुरासाठी आठ फायली आणि तीन पेन्सिल सेलवर शेकडो तास काम, एवढेच त्याचे भांडवल. मराठी मात्र त्यावर उमटत नाही, रोमन अक्षरांतच लिहावे लागते.

धोका असा की हा सारा मजकूर सेलच्या जोरावर टिकून असतो. मोठे सेल काढले तर आतला बटणाएवढा सेल तो सांभाळतो. तोही संपलेला असेल तर उधारीची यादी गेली म्हणून समजावे. गिऱ्हाईक नाकारू लागला तर दाखवायला हाती काही उरत नाही. म्हणून दुसरी प्रत हवीच.

पाइनफोन किंवा लिब्रेम ५ यांसारखा लिनक्सवर चालणारा फोन असेल तर संगणकाची गरज पडत नाही. निओला प्रिंटरला असते तसे चौकोनी यूएसबी भोक असते. त्यात प्रिंटरचीच केबल लावावी. केबलचे दुसरे टोक ओटीजी जोडणीतून किंवा डॉकमधून फोनच्या सी-टाइप भोकात जाते. जोडणी लागताच फोन निओला साधा कळफलक समजतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता हवी ती फाइल निओवर आधी उघडून ठेवावी. फोनवर मजकूर लिहिण्याचा साधा कार्यक्रम चालू करून नवे पान घ्यावे, कर्सर त्यात ठेवावा आणि निओवरील 'सेंड' कळ दाबावी. निओ स्वतःच एकेक अक्षर टाइप करू लागतो. लांबलचक यादीला वेळ लागतो, पण हात लावावा लागत नाही. आणि लावूही नये! मध्येच दुसरी खिडकी उघडली तर पुढचा मजकूर तिच्यात जाऊन पडतो. टर्मिनल उघडे असताना तर सेंड मुळीच दाबू नये, कारण तिथे प्रत्येक ओळ हुकूम समजली जाते. फोनचा कळफलक इंग्रजी अमेरिकन मांडणीवर असावा. निओ अक्षर पाठवीत नाही, कोणती कळ दाबली तेवढेच कळवतो. मांडणी मराठीची असेल तर दरपत्रकाचा खेळखंडोबा होतो.

आठही फायली एकदम उतरवायच्या असतील तर 'निओटूल्स' हा पायथन भाषेतील फुकट कार्यक्रम आहे. तो टाइप न करता थेट फायली वाचतो. त्याला यूएसबी वापरण्याची परवानगी द्यावी लागते, ते काम एखाद्या जाणकार मुलाकडून एकदाच करून घ्यावे. रोजच्या वापराला माझ्या मते सेंड पुरेसे आहे, आणि ते साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते.

फाइलला तारखेचे नाव द्यावे. पहिली ओळ, शेवटची ओळ आणि रकमांचे आकडे निओशी ताडून पाहावेत. त्याआधी निओवरचे काही पुसू नये. फोन हरवतो, पाण्यात पडतो, म्हणून आठवड्यातून एकदा तीच फाइल मेमरी कार्डावर किंवा घरच्या संगणकावरही घ्यावी. जुना निओ विकत घेतल्यास आतला बटण सेल किती वर्षांचा आहे हे कळत नाही, तेव्हा तो लगेच बदलावा. घड्याळाच्या दुकानात सीआर २०३२ म्हणून मागितला की मिळतो. बदलताना पेन्सिल सेल आतच राहू द्यावेत.