केंडामासाठी लाकूड : आधी सुकवा, मग खरादावर चढवा

केंडामा हे जपानी लाकडी खेळणे आहे. मुठीला तीन वाट्या व वर एक टोक असते. दोरीने बांधलेला, भोक असलेला गोळा उडवून वाटीत झेलायचा किंवा टोकावर बसवायचा, असा हा खेळ. त्याच्या आजच्या रूपाची नोंद १९१९ साली झाली. पुढे हिरोशिमाजवळचे हात्सुकाइची गाव त्याचे केंद्र बनले. २०१४ पासून तिथे जागतिक स्पर्धा भरते. लाटणी आणि पलंगाचे पाय खरादणाऱ्या आपल्या कारागिरांना हे काम अवघड नाही. मात्र लाकडाची निवड चुकली तर सगळे हुनर वाया जाते.

वजन : गोळा साधारण ६० मिलिमीटर व्यासाचा असतो. भोक न पाडलेल्या अशा गोळ्याचे आकारमान सुमारे ११३ घनसेंटिमीटर होते. सागवानात तो सुमारे ७३ ग्रॅम भरतो, तर बाभळीत ९० च्या आसपास. भोक पाडल्यावर दोन्ही कमी होतात. हलका गोळा हवेत डळमळतो, फार जड गोळा मनगट दुखवतो आणि वाटीची कड उडवतो. पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड शोभेच्या खेळण्यांना चालते, इथे मात्र लगेच खड्डे पडतात.

जात : पाथरी परिसरात बाभूळ सहज मिळते. बैलगाडीच्या चाकात तिची ताकद पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहे. तिचा लालसर गाभाच घ्यावा. बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. शिसव उत्तम, पण महाग. शिवाय २०१७ पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. निर्यातीची ऑर्डर घेण्यापूर्वी कागदपत्रांची चौकशी करावी. चन्नपट्टणची खेळणी ज्या पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडाची होतात, तो आपला काळा कुडा. त्याच्यावर लाखेचा रंग सुरेख बसतो.

सुकवणे : कोरे कापड पाण्यात घातल्याशिवाय किती आटेल ते कळत नाही. ओल्या लाकडाचेही तसेच आहे. आज खरादलेला गोळा गोल दिसतो, महिन्याने तो अंडाकृती होतो किंवा तडकतो. म्हणून ओंडका चिरून अगदी मधला भाग वगळावा, तुकड्यांच्या टोकांना मेण किंवा रंग लावावा आणि सावलीत, हवा खेळेल अशी थप्पी लावावी. साधारण एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना हिशेब आहे. खात्रीसाठी एक तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले.

घडण : मुठीत लाकडाची रेषा टोकाच्या दिशेने सरळ धावली पाहिजे. आडव्या रेषेचे टोक पहिल्याच आठवड्यात मोडेल. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवावा. वाट्यांवर रोगणाचा जाड थर देऊ नये, गोळा घसरतो.

तिजारतीत पहिली खेप ओळख करून देते, दुसरी खेप भाकरी देते. शंभर नगांत दहा तडकले तर दुसरी ऑर्डर येत नाही. त्यामुळे घाईच्या ऑर्डरीला होकार देण्याआधी आपल्या थप्पीत सुकलेले लाकूड किती आहे, हे कारागीर बांधवांनी मोजून पाहावे.