पापडाच्या पाकिटावर चित्र किती असावं?

प्रश्न : सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात महिलांचा बचत गट आहे. आम्ही ज्वारीचे पापड, जवसाची आणि कारळाची चटणी करतो. आजवर साध्या पिशवीत हातानं लिहिलेली चिठ्ठी घालून विकत होतो. आता परभणीतले दोन दुकानदार माल ठेवायला तयार आहेत. पण ‘पाकिटावर नीट लोगो करून आणा’ म्हणतात. गटातल्या एकीच्या मुलानं मोबाइलवर एक करून दिलाय. त्यात उगवता सूर्य, ज्वारीचं कणीस, चुलीपुढं बसलेली बाई, जातं, हिरवं शेत आणि सगळ्यात वर शिवाजी महाराजांचं चित्र आहे. खाली गटाचं नाव इंग्रजीत. आम्हाला आवडला, पण दुकानदार म्हणतो, लांबून काही कळत नाही. लोगो चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक भगिनी, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, दुकानदाराचं म्हणणं मनावर घ्या. त्याचा गिऱ्हाइकाशी रोजचा संबंध आहे. लोगोचं काम एकच असतं. ज्या बाईनं तुमची चटणी एकदा नेली, घरी सगळ्यांना आवडली, तिला पुढच्या खेपेला दहा पाकिटांतून तुमचंच पाकीट झटकन उचलता आलं पाहिजे. चटणी कशाची, कुणी केली, कोणत्या गावची, हे सांगायला पाकिटावर बाकीची जागा आहेच. त्या मुलानं मन लावून काम केलंय, पण सगळी माहिती त्यानं लोगोतच भरली आहे.

कॅमलचंच बघा. शाईचा आणि उंटाचा संबंध काय? मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा छाप घोडा होता. उंट नंतर आला आणि मग कायम राहिला. त्या चित्रात दौत नाही, टाक नाही, लिहिणारा हात नाही. तरी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला कंपासपेटीवरचा, रंगांच्या डबीवरचा तो उंट ठाऊक आहे. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलं. त्यातही नोट नाही, नाणं नाही, तिजोरी नाही. किराणा दुकानात माणसं ‘गायछाप’ मागतात ती चित्रावरूनच. तंबाखूची भलामण मी मुळीच करणार नाही, पण ती पुडी संगमनेरची आहे हे ठाऊक नसलेला माणूससुद्धा गाय बरोबर ओळखतो.

तेव्हा तुमच्या सहा चित्रांतून एकच ठेवा. सूर्य, शेत आणि कणीस आधी काढा. बी-बियाण्यांच्या, पिठाच्या, डाळीच्या पिशव्यांवर ते इतक्या ठिकाणी असतात की कुणाचेच राहिलेले नाहीत. चुलीपुढची बाई बोटभर स्टिकरवर नुसता डाग दिसेल. मी तुमच्या जागी असतो तर जातं ठेवलं असतं, तेही बाजूनं पाहिलेलं. एकावर एक दोन जाड तळ्या आणि वर उभा खुंटा, बस. पोराला खडूनं फरशीवर काढता येईल इतकं सोपं.

महाराजांचं चित्र मात्र आजच काढून टाका. तुमच्या भावनेबद्दल मला शंका नाही, पण हा कायद्याचा मामला आहे. राष्ट्रचिन्हांच्या आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा कायदा आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांचं नाव किंवा चित्र, राष्ट्रध्वज, अशोकचक्र हे व्यापारचिन्ह म्हणून वापरायला त्यात मनाई आहे. पाकिटं छापून झाल्यावर कुणी बोट दाखवलं तर सगळा खर्च वाया जाईल.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. परभणीला आलात की मोंढ्यात एक चक्कर मारा आणि पोत्यांवरचे मार्के बघा. पत्र्यात अक्षरं कापून, तो पत्रा बारदान्यावर ठेवून वरून रंगाचा बोळा फिरवायचा, ही जुनी पद्धत. ‘व’ किंवा ‘ब’ कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून कापणारा तिथं बारीक पट्टी शिल्लक ठेवतो. रंग एकच, ताग खडबडीत, पोतं उलटंसुलटं पडलेलं. तरी हमाल दहा पावलांवरून सांगतो, हा माल कुणाचा. तुमचा लोगो एका काळ्या रंगात काढून पाहा. रबरी शिक्क्यावर उमटतो का? झेरॉक्स काढलेल्या बिलावर दिसतो का? रंगाच्या आधारानंच जो उभा आहे तो टिकणार नाही. आपल्याकडच्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल-पिवळा लवकर विटतो, हे तुम्ही चौकाचौकात पाहिलंच असेल.

लहान आकाराची परीक्षा त्याहून कडक. पाकिटावर तुम्हाला शाकाहाराचा हिरवा ठिपका छापावाच लागेल. चौकटीतला तो गोल १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या दर्शनी भागावर किमान ३ मिलिमीटर व्यासाचा चालतो. इतकासा असूनही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुणालाही समजतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलासुद्धा. तुमचं जातं इतकं बारीक करायची गरज नाही. पण हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढं केलं तरी जातंच दिसलं पाहिजे. व्हॉट्सअॅपच्या गोल फोटोत ते तेवढंच दिसणार आहे.

नाव इंग्रजीत का? तुमचं गिऱ्हाईक सेलू, जिंतूर, परभणीचं. नाव मराठीत आणि ठसठशीत हवं. उद्या स्वतःचं दुकान काढलंत तर पाटीवर मराठी देवनागरी लागेलच, तीही दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हा नियम आहे. आणि देवनागरीत जी ताकद आहे ती कमल शेडगे यांनी दाखवून दिली. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती काळ्या-पांढऱ्या आणि छोट्याशा असत, पण शेडग्यांनी नाटकाचं नाव अशा वळणानं लिहिलेलं असे की वाचण्याआधीच नाटक ओळखू यावं. २०२० साली ते गेले. नाव चांगल्या हातानं लिहून घेतलंत तर वेगळं चित्र नसलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या गावी जुना पाटी रंगवणारा पेंटर अजून असेल तर आधी त्याच्याकडे जा. मोबाइलमधल्या तयार नमुन्यांतली अक्षरं आणि चित्रं हजारो जण वापरतात.

गटाचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून एक सुचवून ठेवतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आपण. गावाचं नाव पुढं करायचा मोह होतोच. आपल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी दूरदूरच्या शेतकऱ्यांना नावानं माहीत आहे, तेव्हा नावात वजन आहे यात शंका नाही. पण नुसतं ‘परभणी पापड’ किंवा ‘शुद्ध चटणी’ यांची ट्रेडमार्क नोंदणी मिळणं अवघड. गावाचं नाव आणि मालाचं वर्णन सगळ्यांच्याच वापराचं असतं. सोबत तुमचा स्वतःचा एक शब्द हवा. चटण्या-मसाले वर्ग ३० मध्ये येतात. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, इतर कंपन्यांना ९,०००. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरण करता येतं. नोंदणी हाती येईपर्यंत वर्तुळातला ‘आर’ छापू नका.

ज्याच्याकडून लोगो कराल त्याच्याकडून दोन गोष्टी न लाजता मागून घ्या : ‘सर्व हक्क गटाला दिले’ असा सहीचा कागद आणि कोरलची ओपन फाईल. नुसता व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो मोठा केला की फाटतो आणि दर वेळी नवा डीटीपीवाला तो नव्यानं काढतो. तीन वर्षांत तीन वेगळी जाती होतात. पापडाला, जवसाला, कारळाला पाकिटाचा रंग खुशाल वेगळा ठेवा. जातं आणि अक्षरं मात्र तीच, त्याच जागी.

छापील पाउचच्या रोलची किमान ऑर्डर मोठी असते, तिच्यात गटाचे पैसे आताच अडकवू नका. साधी पाकिटं घ्या आणि स्टिकर चिकटवा. दिवाळीपर्यंत दोन्ही दुकानदारांना विचारत राहा, गिऱ्हाईक माल काय म्हणून मागतं. ‘ती जात्याची चटणी द्या’ असं कुणी म्हणायला लागलं, की रोल छपाईला टाका.