परदेशी हात, आपली राखण

प्रश्न : आमच्या संस्थेकडे जुन्या पोथ्या आणि मोडी कागदपत्रे आहेत. जतनासाठी परदेशी तज्ज्ञ नेमावा का? – एक विश्वस्त, नांदेड

उत्तर : जरूर बोलवा, पण कायम नोकरीवर नव्हे, ठरावीक मुदतीसाठी आणि शिकवण्याच्या अटीवर. नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात असतानाच हा प्रयोग झाला आहे. १९२०च्या सुमारास हैदराबाद सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का बसवला, म्हणून बरीच चित्रे तगली. मात्र चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ बसली आणि तो उतरवण्याचे किचकट काम भारतीय रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. कौशल्य बाहेरून आणता येते, वर्षानुवर्षांची देखरेख नाही.

‘आपल्याकडे माणसेच नाहीत’ हा आक्षेप पूर्ण खरा नाही. लखनौला १९७६पासून सांस्कृतिक ठेव्याच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. शिवाय ज्या कामाला पात्र भारतीय सहज मिळतात, त्यासाठी परदेशी माणसाला रोजगार व्हिसा मिळत नाही. आणि तज्ज्ञ आला, तरी एक अडचण उरते: मोडी कागद बहुधा घडीच्या रेषेवरच फाटतो. तेव्हा लिपी वाचणारा शेजारी नसेल, तर निष्णात हातही तुकडे चुकीचे जुळवेल. म्हणून करारात तीन अटी घाला: पुन्हा काढता येईल असाच चिकटपदार्थ, प्रत्येक पानाची लेखी नोंद आणि दोन स्थानिक तरुणांचे प्रशिक्षण. पाहुणा जाईल, पोथी इथेच राहणार आहे.