छोट्या शिडाच्या होडीवर नाळेचा रोलर आणि नांगर बसवा

लॉकरमधून नांगर ओढून काढायचा, दोराचा गुंता सोडवायचा, रेलिंगवरून तो पलीकडे टाकायचा आणि टाकताना होडीचा रंग खरवडून घ्यायचा. हा सगळा खटाटोप आता बंद. नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकावर, रोलर बसला की दोर सैल सोडायचा, नांगर आपला आपण पाण्यात जातो.

ही कृती २० ते २५ फुटी फायबरच्या होडीसाठी आहे. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असते. ऑक्टोबरात ती पाण्यात उतरवायच्या आधी, डेक कडकडीत कोरडं झालं की काम सुरू करा. एक सोबती हवाच, कारण बोल्ट वरून धरायचा असतो आणि नट खालून आवळायचा असतो.

साहित्य आधी गोळा करा: नांगर, ३१६ स्टेनलेसचा रोलर, त्याच स्टेनलेसचे ८ मिमी बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक नट, १० मिमी जाडीची ग्लास-इपॉक्सी शीट, ब्युटाइल टेप, इपॉक्सी, हार्डनर आणि ते घट्ट करायची पावडर, ॲसिटोन, मास्किंग टेप, जाड पुठ्ठा. नांगरासाठी ६ मिमीची गॅल्व्हनाइज्ड साखळी १० मीटर, १२ मिमीचा तीन पेडांचा नायलॉन दोर ५० मीटर, दोन गॅल्व्हनाइज्ड शॅकल, एक थिंबल आणि थोडी स्टेनलेस तार. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ कोरलेलं आहे ना, ते बघून घ्या. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, आणि ३०४ खाऱ्या हवेत लवकर तांबूस पडतं.

आधी नांगर, मग जागा

१. नांगर निवडा. एवढ्या होडीला साधारण ६ ते ७ किलोचा लागतो. उत्पादकाच्या तक्त्यात होडीची लांबी आणि वजन दोन्ही बघा, आणि होडी दोन मापांच्या मधे येत असेल तर मोठा घ्या. डॅनफोर्थ चिखलात आणि वाळूत उत्तम धरतो, पण त्याची पाती हलती असल्यामुळे रोलरवर तो नीट बसत नाही. रोलरसाठी डेल्टासारखा एकसंध दांड्याचा किंवा ब्रूससारखा पंजाचा नांगर घ्या.

२. तोच नांगर सोबत घेऊन रोलर विकत घ्या. दांडा दोन गालांमधून अडखळत नाही ना, साखळी चाकाच्या खाचेत बसते ना, हे दुकानातच करून बघा. गालांचा पत्रा निदान ३ मिमी जाड, कडा गोल केलेल्या आणि तोंड बाहेर फाकलेलं हवं. होडी वाऱ्यात डावी-उजवी झुलते, तेव्हा धारदार कड दोर कापत राहते.

३. रोलरच्या पायाचा पुठ्ठ्याचा साचा कापा. भोकंही त्यावर पाडून घ्या.

४. साचा डेकवर सरकवत जागा ठरवा. मध्यभागी पुढची तार, म्हणजे फोरस्टे येते, म्हणून रोलर बहुधा तिच्या शेजारी बसतो. चाक नाळेच्या पुढे आलंच पाहिजे, आणि चाकापासून क्लीटपर्यंत दोर सरळ रेषेत आला पाहिजे. पुढचं शीड गुंडाळायचा ड्रम, रेलिंगचे पाय आणि दिवा या तिघांना दोर घासत नाही ना, ते बघा.

५. आता खरा नांगर टांगून बघा. रोलर त्या जागी सी-क्लॅम्पनं धरा, नांगर खाली सोडा आणि हळूहळू वर ओढा. शेवटच्या हातभर अंतरात नांगर उलटतो आणि टोक होडीकडे वळतं, तिथेच बारीक लक्ष ठेवा. सोबत्याला नांगर दोन्ही बाजूंना झुलवायला सांगा. टोक होडीला लागत असेल तर ड्रिल हातात घेऊच नका, जास्त पुढे येणारा रोलर आणा. ही पायरी डोळ्यांच्या अंदाजानं उरकू नका. पुढे कितीही सुबक काम केलंत तरी इथली चूक भरून निघत नाही.

६. डेकखाली जाऊन टॉर्चनं पाहणी करा. प्रत्येक नटाला हात आणि पाना पोचेल का? पुढच्या दिव्याची वायर इथूनच जाते. ती बाजूला बांधून घ्या.

७. क्लीट तपासा. रोलर दोराला फक्त वाट देतो, होडीचा सगळा ताण क्लीटवर येतो. क्लीट नुसत्या स्क्रूनं लावलेला असेल तर नवा रोलर कितीही मजबूत असला तरी वादळी रात्री क्लीट डेकमधून उपटून निघेल. मग क्लीटलाही आरपार बोल्ट आणि खालून पट्टी लावायची. कृती हीच, दोन्ही कामं एकदमच करून टाका.

भोकं

८. भोकांच्या जागी मास्किंग टेप चिकटवा. टेपमुळे ड्रिल घसरत नाही आणि वरच्या चकचकीत थराचे टवके उडत नाहीत.

९. रोलर टेपवर ठेवून खुणा करा. पुठ्ठ्यावरून नको, धातूच्या भोकांवरूनच.

१०. फक्त एक भोक ३ मिमीनं पाडा आणि भुसा चिमटीत घेऊन बघा. पांढरी पूड आली तर डेक भरीव फायबरचं आहे. लाकडाचा भुसा आला तर आत बाल्सा किंवा प्लायचा गाभा आहे. भुसा काळपट, ओला असेल तर तिथेच थांबा. कुजलेल्या गाभ्यावर रोलर बसवायचा नाही, आधी डेकची दुरुस्ती.

११. बाकीची भोकं ३ मिमीनं पाडा. ड्रिल अगदी उभं धरा. सोबत्याला लांबून बघायला सांगा, कल त्याला आधी दिसतो.

१२. खाली जाऊन भोकं कुठे निघाली ते बघा. एखादं आडभिंतीत घुसलं असेल तर आत्ताच सरकवणं सोपं आहे. डेक भरीव असेल तर इथून थेट १८ व्या पायरीवर जा.

१३. वरून भोकं १३ मिमीपर्यंत वाढवा, पण फक्त वरचा थर आणि गाभा. खालचा थर शाबूत ठेवा. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर बिट कधी आरपार गेलं ते कळतही नाही.

१४. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून भोकाच्या कडेचा गाभा जरा कोरून काढा. सगळीकडून अर्धा सेंटिमीटर पुरे. वेग कमी ठेवा.

१५. भुसा व्हॅक्यूमनं ओढून घ्या आणि खालच्या बारीक भोकांवर टेप लावा. टेप विसरलात तर इपॉक्सी थेट बिछान्यावर ठिबकेल!

१६. पातळ इपॉक्सी भोकात सोडून गाभा भिजवा. इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवा. हार्डनर जास्त घातल्यानं ते लवकर वाळत नाही, कायमचं चिकट राहतं.

१७. इपॉक्सीत पावडर मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि भोकं काठोकाठ भरा. थोडं थोडंच कालवा, पसरट भांड्यात. आपल्याकडच्या उन्हात उभ्या कपातलं इपॉक्सी तापून धुरावतं आणि हातातच दगड होतं. मग २४ तास त्याला हात लावू नका. या पायरीचा कंटाळा करू नका बरं का. पुढे कधी एखादा थेंब बोल्टशेजारून झिरपलाच तरी तो इपॉक्सीला भेटेल, लाकडापर्यंत पोचणार नाही.

१८. रोलर पुन्हा ठेवून मध्यबिंदूंच्या खुणा करा आणि ८.५ मिमीनं आरपार भोकं पाडा. खालून सोबत्यानं लाकडाचा तुकडा दाबून धरला तर तिथले टवके उडत नाहीत.

१९. काउंटरसिंक बिटनं भोकांचा वरचा काठ किंचित उतरता करा. या खोलगट जागेत ब्युटाइल साचतं आणि पाणी अडतं. दोन फेरे बस.

बसवणी

२०. खालची पट्टी कापा. ती रोलरच्या पायापेक्षा सगळ्या बाजूंनी निदान २-३ सेंटिमीटर मोठी हवी आणि कोपरे गोल. शीट कापताना मास्क लावा, तिची पूड फुफ्फुसांना वाईट.

२१. पट्टी खालून धरून वरच्या भोकांतून तिच्यावर खुणा करा आणि तिला भोकं पाडा.

२२. सगळं एकदा कोरडंच जुळवून बघा. प्रत्येक बोल्ट हातानं सरकला पाहिजे. हातोडीनं ठोकायची वेळ आली तर भोक जुळलेलं नाही, कानस घ्या. डेकची खालची बाजू खडबडीत असेल आणि पट्टी डुगडुगत असेल, तर मधे घट्ट इपॉक्सीचा थर देऊन ती टेकवा आणि वाळू द्या.

२३. रोलरचा पाया आणि डेक ॲसिटोननं पुसा. खिडक्या उघड्या ठेवा.

२४. ब्युटाइल टेप रोलरच्या पायाखाली पसरा आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली तिचा छोटा शंकू वळा. इथे सिलिकॉन वापरू नका. ते ताणाखाली सुटतं आणि त्याचा अंश राहिला की दुसरं काही चिकटत नाही. कायमचं चिकटवणारं पॉलियुरेथेनही नको, पुढे रोलर काढायचा झाला तर डेकचा थर सोबत येईल.

२५. बोल्ट वरून घाला, खालून पट्टी, रुंद वॉशर आणि नट या क्रमानं लावा. आट्यांना आधी थोडं ग्रीस.

२६. नट खालून आवळा, वरच्या माणसानं बोल्टचं डोकं घट्ट धरून ठेवायचं. बोल्ट फिरला की ब्युटाइलचा शंकू फाटतो. आडव्या समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडं थोडं आवळा. इम्पॅक्ट ड्रिल नकोच. स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात फिरलं की आटे एकमेकांत जाम होतात, मग नट कापण्याशिवाय इलाज नाही.

२७. टेप चहूकडून बाहेर डोकावली की थांबा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आवळा. ब्युटाइल सावकाश सरकतं, त्याला वेळ द्या.

२८. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीनं कापून काढा.

२९. वरून पाण्याचा पाइप सोडा आणि सोबत्याला खाली नटांवर टिश्यू पेपर धरायला सांगा. कागद भिजला तर तो बोल्ट काढून नवी टेप लावा. आत्ताच.

साखळी आणि दोर

३०. दोराच्या एका टोकाला थिंबल घालून पेड विणून घ्या. येत नसेल तर बंदरावरच्या एखाद्या जुन्या खलाशाकडून विणून घ्या. इथे गाठ चालत नाही, गाठीनं दोराची ताकद बरीच कमी होते.

३१. शॅकलनं दोर साखळीला जोडा. कडीतून जाईल तेवढी जाड पिन निवडा.

३२. साखळीचं मोकळं टोक क्लीटकडून रेलिंगच्या खालून, रोलरच्या चाकावरून, वरच्या अडसर-पिनेच्या खालून बाहेर काढा. नांगर अजून जोडायचा नाही! आधी जोडलात तर हमखास रेलिंगच्या वरून जातो आणि सगळं उलटं सोडवावं लागतं.

३३. दुसऱ्या शॅकलनं नांगर जोडा आणि पिन पक्कडीनं आवळा.

३४. दोन्ही शॅकलच्या पिना तारेनं बांधून टाका. पिनेच्या डोळ्यातून शॅकलच्या अंगाभोवती दोन वेढे. न बांधलेली पिन पाण्याखाली फिरत फिरत निघते आणि आपल्याला पत्ता नसतो.

३५. दोराचं मागचं टोक लॉकरमध्ये पक्क्या जागी बारीक, मजबूत दोरीनं बांधा. संकटात सुरीनं कापता येईल अशी दोरी हवी, म्हणून इथे शॅकल लावू नका.

३६. दोरावर दर ५ मीटरला रंगीत दोऱ्याची खूण करा. हिशेब असा: मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक ४ मीटरच्या वर जातो. ओहोटीला ३ मीटर पाणी असलं तर भरतीला साडेसात धरा. त्यात नाळेची उंची १ मीटर मिळवा, झाले साडेआठ. त्याच्या पाचपट, म्हणजे ४३ मीटर तरी सोडायचे. रात्रभर थांबायचं असेल तर सातपट, ६० मीटर, आणि १० मीटर साखळी व ५० मीटर दोर मिळून तेवढेच होतात. ओहोटीच्या पाण्यावर हिशेब केलात तर मध्यरात्री भरतीत नांगर ओढला जाईल.

३७. नांगर ओढून रोलरवर बसवा, पिन लावा आणि वर एक दोरी क्लीटला बांधा. नुसत्या पिनेवर विसंबू नका, लाटांत नांगर आपटत राहतो आणि पिन खिळखिळी होते.

पाण्यात चाचणी

३८. शांत दिवशी, ३-४ मीटर पाण्यात, होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवा आणि नांगर हळूहळू सोडा. फेकायचा नाही. पाय साखळीच्या वेढ्यात नाहीत ना, ते आधी बघा.

३९. होडी मागे सरकू द्या, पाचपट दोर सोडा आणि क्लीटवर बांधा.

४०. इंजिन हळू रिव्हर्समध्ये घाला. किनाऱ्यावरच्या एकामागे एक येणाऱ्या दोन खुणांकडे बघा, एखादा माड आणि मागचं घर. त्या एका रेषेत राहिल्या तर नांगर रुतला. रेषा सरकत गेली तर उचलून पुन्हा टाका.

४१. ताण असतानाच पुढे जाऊन चाकाकडे बघा. दोर खाचेतच हवा, गालाला घासत असेल तर ती कड कानशीनं अजून गोल करा.

४२. नांगर उचला, पिन आणि दोरी लावा, मग डेकखाली जाऊन प्रत्येक नटाला बोट लावून बघा. कोरडा असेल तर काम झालं. महिनाभरानं पाना घेऊन एक चक्कर मारा.