वाचकांचे प्रश्न : जमिनीचे बारा लाख आले, गृहकर्ज फेडून टाकू का?

प्रश्न : माझं वय ४८. तळोजा एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत नोकरी करतो. २०१६ मध्ये खांदा कॉलनीत वन बीएचके घेतला. बँकेचं कर्ज माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे. १६ लाख मुद्दल बाकी आहे, दहा वर्षं उरली आहेत. दर ९ टक्के, हप्ता २०,२६८ रुपये. पगार हातात ६८ हजार येतो.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. कंपनीचा मेडिक्लेम तीन लाखांचाच, वरचा खर्च कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढून केला. ते आत्ता कुठे फिटलं. पत्नीला संधिवात आहे. पूर्वी ती घरी शिकवण्या घ्यायची, आता बोटं धरतात म्हणून बंद केल्या. दोघांच्या औषधांचे सात-आठ हजार महिन्याला ठरलेले. ७२ वर्षांची आई आमच्याकडेच असते. मुलगा बारावी सायन्सला आहे.

माणगाव तालुक्यातली वडिलोपार्जित शेतजमीन आम्ही भावांनी विकली, माझ्या वाट्याला १२ लाख आले. सगळे कर्जात भरावेत आणि उरलेले चार लाख दोन वर्षांत संपवावेत असं मनात आहे. मला काही झालं तर पत्नी आणि मुलाच्या डोक्यावर कर्ज राहू नये, एवढंच वाटतं. पत्नी म्हणते, पैसे हाताशी असू देत. थोरले बंधू म्हणतात, विमानतळ सुरू झालं, एखादा प्लॉट घेऊन ठेव. ऑफिसातले म्हणतात, कर्ज फेडलंस तर करसवलत जाईल. रात्री हिशेब करत बसतो, निर्णय होत नाही.
— एक वाचक, खांदा कॉलनी, नवीन पनवेल

उत्तर : पाच लाख कर्जात भरा, सात लाख हाताशी ठेवा. आणि त्याआधी बँकेत जाऊन व्याजाचा दर उतरवून घ्या. माझा सल्ला एवढाच आहे, पण तुम्ही निर्णय काळजीपोटी घेताय, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

दरापासून सुरुवात करू. रिझर्व्ह बँकेने रेपो दर फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तरीही तुम्ही ९ टक्के भरताय, म्हणजे तुमचं २०१६ चं कर्ज बहुधा अजून जुन्या, बँकेच्या अंतर्गत दराच्या एमसीएलआर पद्धतीवर असावं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि जुन्या कर्जदारांनाही त्यात जाता येतं. शाखेत लेखी अर्ज द्या, किरकोळ शुल्क लागेल. दर ८ टक्क्यांवर आला तरी आहे त्याच कर्जाचा हप्ता २०,२६८ वरून १९,४१२ होतो. दहा वर्षांत लाखभर रुपये वाचतात, तेही खिशातून एक पैसा न भरता. बँक टाळाटाळ करू लागली, तर दुसऱ्या बँकेचं कर्ज-हस्तांतराचं पत्रक घेऊन जा. मग बोलणी लवकर पुढे सरकतात.

आता बारा लाखांचं. साध्या गृहकर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. काही बँकांची ओव्हरड्राफ्ट पद्धतीची गृहकर्जं असतात, स्टेट बँकेचं मॅक्सगेन त्यातलं, त्यात भरलेली जादा रक्कम पुन्हा काढता येते. तुमचं तसं असतं तर मी बाराच्या बारा लाख त्या खात्यात ठेवायला सांगितलं असतं. पण तुमच्या पत्रावरून ते साधं मुदतीचं कर्ज दिसतं. अशात उद्या पुन्हा छातीत दुखलं आणि दोन महिने बिनपगारी रजा पडली, तर जवळजवळ फिटलेलं घर रुग्णालयात डिपॉझिट म्हणून चालत नाही. त्याच घरावर टॉप-अप मागायला गेलात, तर बँक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागेल. गरज सगळ्यात मोठी असते, तेव्हाच त्या पावत्यांवर पगार नसतो. एकदा पतपेढीतून कर्ज काढून तुम्ही हे भोगलेलं आहे.

पैसे हाताशी ठेवण्याची किंमत किती? सात लाख कर्जात घातले, तर ८ टक्क्यांनी वर्षाला ५६ हजार व्याज वाचेल. तेच साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर ४५,५०० मिळतील. फरक साडेदहा हजारांचा, महिन्याला नऊशेही नाही. तुमच्या घरात दोन आजारी माणसं आहेत, एक म्हातारं माणूस आहे आणि मिळवतं माणूस एकच. अशा घरात नऊशे रुपयांत मिळणारी ही सोय मी कधीही सोडणार नाही. वहिनींचं म्हणणं या आकड्यांवर टिकतं.

या सात लाखांचे वेगवेगळे भाग करा. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे साडेतीन लाख. केवळ दवाखान्यासाठी दोन लाख. मुलाच्या प्रवेशासाठी दीड लाख, कारण बारावीनंतरची पहिली फी एकरकमी येते आणि नेमकी जून-जुलैत येते. एकच मोठी ठेव करू नका. पन्नास हजार, लाख अशा लहान पावत्या करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येते. प्रत्येक पावती दोघांच्या नावावर आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या अटीवर हवी. मुदतीआधी मोडताना बँक दोघांच्या सह्या मागू शकते, म्हणून एकाच्या सहीने मोडता येईल अशी लेखी सूचनाही आधीच देऊन ठेवा. तुम्ही आयसीयूत असताना वहिनींना पैसे काढता आले पाहिजेत. नॉमिनी लावला म्हणून ते जमत नाही, नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतर सुरू होतो.

बँका दोन निवडा. पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेव विम्यातून एका ठेवीदाराला कमाल पाच लाख मिळण्याची तरतूद होती. त्यापुढच्या रकमेसाठी लोकांना अवसायनाच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागलं. पाच लाखांची ही मर्यादा प्रत्येक बँकेसाठी वेगळी आणि व्याज धरून असते. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळीच नसतो. तिथे दर एखादा टक्का जास्त दिसेल, तरी दवाखान्याचा पैसा तिथे ठेवू नका.

कर्जात घालायच्या पाच लाखांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, बँकांना रिझर्व्ह बँकेने हे २०१२ पासून बजावलेलं आहे. पाच लाख भरलेत की मुद्दल ११ लाखांवर येतं. बँक विचारेल, हप्ता कमी करायचा की मुदत? पुष्कळदा विचारतही नाहीत, परस्पर मुदत कमी करतात. मुदत कमी केली की व्याज जास्त वाचतं, हे गणित बरोबर आहे आणि नोकरी पक्की, तब्येत धडधाकट असलेल्याला मीही तेच सांगतो. हप्ता १९,४१२ ठेवला तर कर्ज सहा वर्षांच्या आत संपतं. पण मग पगार येवो न येवो, १९,४१२ भरावेच लागतात.

तुम्ही हप्ता कमी करून घ्या. ११ लाखांना दहा वर्षांसाठी ८ टक्क्यांनी हप्ता १३,३४६ बसतो. सक्तीची रक्कम आजच्यापेक्षा सहा हजार नऊशेंनी खाली आली. हे सहा हजार नऊशे खर्चात मिसळू देऊ नका. महिना ठीक गेला की तेही कर्जातच भरा. अशा रीतीने आजचाच २०,२६८ रुपयांचा भार तुम्ही चालू ठेवलात, तर कर्ज पावणेसहा वर्षांच्या आत संपतं आणि एकूण व्याज पावणेतीन लाखांच्या आसपास जातं. आजच्या वाटेने पुढच्या दहा वर्षांत ८ लाख ३२ हजार जाणार होते. म्हणजे मुदत घटवण्याचा फायदा जवळजवळ सगळा मिळाला आणि एखाद्या वाईट महिन्यात १३,३४६ भरून थांबायची मुभाही राहिली. कोणापुढे हात पसरायला नको, हप्ता चुकला म्हणून सिबिलवर डाग नको.

जादा पैसे भरताना अर्जावर स्पष्ट लिहा : ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी.’ नाहीतर ती पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहू शकते आणि व्याज कमी होत नाही. किमान रकमेची अट असेल, तर रिकरिंगमध्ये साठवून सहा महिन्यांनी भरा. हप्ता की मुदत हे निवडण्याची मुभा दर बदलताना कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे १८ ऑगस्ट २०२३ चे आदेश आहेत. पाच लाख भरतानाही तुमची निवड लेखीच द्या.

‘मला काही झालं तर’ असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. कर्ज मंजूर होताना बँकेने एकरकमी हप्त्याची कर्जसंरक्षण विमा पॉलिसी दिली होती का, हे आजच्या आज कपाट उघडून पाहा. मंजुरीपत्रात किंवा पहिल्या वर्षाच्या खातेउताऱ्यात तिची कपात दिसेल. ती असेल, तर मुद्दल कमी झालं म्हणून थोडक्या परताव्यासाठी ती कदापि बंद करू नका. अँजिओप्लास्टीनंतर नवा मुदत विमा मिळणं अवघड, मिळाला तरी हप्ता बराच वाढलेला असतो. २०१६ ची ती पॉलिसी तुम्ही ठणठणीत असताना निघालेली आहे. अनेक पॉलिसींत संरक्षण मूळ वेळापत्रकानुसार चालू राहतं आणि बँकेची बाकी भागवून उरलेली रक्कम वारसाला मिळते. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. कर्ज घरच्यांवर पडू नये ही तुमची इच्छा कदाचित त्या कागदाने दहा वर्षांपूर्वीच बरीचशी पुरी केलेली असेल.

आजारपणाचा खर्च मुळात ठेवींवर कमी यावा, याची सोयही करा. आईंचं वय सत्तरच्या पुढे आहे. उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. तुम्हा तिघांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. हृदयविकाराच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात, मात्र रुग्णालय योजनेत अंगीकृत हवं. दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. बिल झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही.

स्वतःची आरोग्य पॉलिसीही मागून पाहा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल आता जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आज पॉलिसी मिळाली तर ५१ व्या वर्षी हृदयाचं संरक्षण सुरू होईल. अर्जात अँजिओप्लास्टी आणि वहिनींचा संधिवात दोन्ही लिहा. एजंट ‘नका लिहू’ म्हणाला तर एजंट बदला.

करसवलतीची चिंता सोडून द्या. नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही आणि तुमचा पगार त्याच्या आत दिसतो. ज्याला करच नाही, त्याला राहत्या घराच्या व्याजाची सवलत घेऊन काय वाचणार? जमिनीचं एवढं पाहा : नगरपालिका हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतरापलीकडची ग्रामीण शेतजमीन असेल, तर भांडवली नफ्याचा कर नाही. सातबारा आणि खरेदीखत सीएला एकदा दाखवा.

प्लॉट घेऊ नका. तुमच्याकडे गुंतवायला पैसाच शिल्लक नाही, आहे तो घरासाठी आणि दवाखान्यासाठी लागणार आहे. पीएफलाही हात लावू नका. २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं, ते तुमच्या कर्जाच्या नव्या दरापेक्षा कमी नाही.

प्रश्न : आम्ही गृहकर्ज पूर्ण फेडून ४० दिवस झाले. बँक म्हणते, मूळ करारनामा दुसऱ्या शहरातल्या केंद्रात आहे, वाट पाहा. आणखी किती थांबायचं?
— एक वाचक, कामोठे

उत्तर : आता थांबायचं नाही. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. चूक बँकेची असेल, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. तुमचे दहा दिवस उलटले आहेत, म्हणजे ५० हजार झाले. फेडीची तारीख आणि ही रक्कम लिहून शाखेला पत्र द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, शुल्क लागत नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

कागद हाती आले की कर्ज घेताना दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून पाहा आणि मगच सही करा. सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत बोजा उतरल्याचं बँकेकडून लेखी घ्या. इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल आणि गहाणासाठी सिडकोची ना-हरकत घेतली असेल, तर बँकेच्या ना-देय दाखल्याची प्रत सिडकोला द्या, एक सोसायटीच्या सचिवांनाही. ही प्रत द्यायची राहून जाते आणि पुढे घर विकताना किंवा वारसनोंद करताना बोज्याची जुनी नोंदच आडवी येते.