पिलांवरची मरळ

गळाची मासेमारी म्हणजे दोरीच्या एका टोकाला आकडा, आकड्यावर आमिष आणि दुसऱ्या टोकाला माणसाचा हात, एवढ्याच साधनांवर चालणारी मासेमारी होय, आणि जाळ्याच्या मासेमारीहून ती मुळातच वेगळी आहे. जाळे पाण्याचा एक भागच्या भाग गाळून काढते आणि त्यात काय सापडावे हे बहुतांशी त्याच्या विणीवर ठरते. गळ मात्र एका वेळी एकाच माशाशी गाठ घालतो. त्यामुळे कोणता मासा, कोणत्या दिवसांत आणि कोणत्या जागेवरून काढावा याचा निर्णय गळ टाकणाऱ्याचा असतो आणि त्या निर्णयाची जबाबदारीही त्याचीच असते. ज्या जिल्ह्यात पाणीच पाहुण्यासारखे येते आणि जाते, तिथे ही जबाबदारी अधिक जड होते, हे प्रस्तुत लेखकाला दोन चुका केल्यानंतर उमगले. त्या चुका पुढच्यांनी करू नयेत एवढ्याचसाठी त्या येथे नोंदविल्या आहेत.

बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 650 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही दरवर्षी पडेलच असे नाही. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखलेली आहे. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीला मिळते आणि याच सिंदफणेवर, जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, माजलगाव धरण बांधले गेले. पैठणचा उजवा कालवा या जलाशयात पाणी आणून सोडतो, त्यामुळे माजलगावच्या पाण्याचा काही भाग सिंदफणेचा आणि काही भाग गोदावरीचा असतो. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण आहे, आणि बीड शहराजवळ पालीचा बिंदुसरा तलाव आहे. या सर्व जलाशयांत कटला, रोहू व मृगळ हे मासे दिसतात, परंतु ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले असून मत्स्यबीज सोडून येथे वाढविलेले आहेत. येथील पाण्याचे स्वतःचे शिकारी मासे म्हणजे शिवडा, शिंगाडा, वाम आणि मरळ.

अमेरिकेतील गोड्या पाण्यात गळाच्या छंदाचे जे स्थान ‘बास’ या माशाला आहे, ते येथे मरळीला द्यावे लागेल. दोघांची वृत्ती विलक्षण सारखी आहे: दोघेही पाठलाग न करता दबा धरून बसतात, दोघांनाही पाणवनस्पतींची कड प्रिय असते, पृष्ठभागावरून काही तडफडत गेले तर दोघेही त्यावर झडप घालतात आणि, या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोघेही आपल्या पिलांची राखण करतात. फरक एवढाच की मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे स्वतंत्र अवयव असतात. तिला ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, आणि म्हणूनच बाजारात ती टोपलीतही तासन्‌तास जिवंत राहते.

या एका गोष्टीवरून मरळीचा ठाव लागतो. माजलगावच्या फुगवट्याच्या काठी, म्हणजे धरणामुळे पाणी मागे चढून जिथे उथळ पसरते तिथे, बेशरमीची झुडपे आणि पाणकणसांची बेटे अर्धी पाण्यात उभी असतात. तेथे सकाळी उन्हे तापण्याआधी किंवा दिवस कलल्यावर निमूट अर्धा तास बसून राहिल्यास एकाच ठिकाणी पाणी पुन्हापुन्हा ‘बुडुक्’ करून फुटताना दिसते. गळ नेमका त्या जागी न टाकता पलीकडे टाकून वनस्पतींच्या कडेकडेने थांबत थांबत ओढत आणावा. पूर्वी यासाठी जिवंत बेडूक लावीत. परंतु मोठ्या बेडकाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे आणि शेतातील किडी खाणारा तो जीव तसाही गळावर घालविण्याजोगा नव्हे, तेव्हा रबरी बेडूक वापरणे हेच योग्य. झडप बसताच हिसका देणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. मरळ प्रथम आमिष तोंडात धरते आणि मग वळते, म्हणून क्षणभर थांबून दोर ताणला गेल्यावरच काठी उचलावी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसर दोर, जाड घ्यावा, कारण गळ लागल्यावर मरळ खोल पाण्याकडे न जाता झुडपांच्या मुळांत शिरते आणि बारीक दोर तिथे तुटून गळ तिच्या तोंडातच राहतो.

कटला, रोहू आणि मृगळ यांची तऱ्हा निराळी: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे शेंगदाण्याच्या पेंडीचा किंवा कणकेचा गोळा किती खोल सोडावा हे त्यावरून ठरते. आमिष माशागणिक बदलावे हा विचार या भूमीला नवा नाही. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात मासे, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाची साधने यांचा तपशील आलेला आहे. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेले असले तरी ते प्रकरण निरीक्षणाशिवाय लिहिता येण्यासारखे नाही, आणि गळाचा छंद हा मुळात निरीक्षणाचा छंद आहे याची ती जुनी साक्ष आहे.

पहिली चूक घडली ती निरीक्षण अर्धवट राहिल्यामुळे. मृग नक्षत्र लागून पहिले पाणी वाहिले की मरळीची जोडी उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात जागा साफ करून अंडी घालते. ही अंडी पाण्यावर तरंगतात आणि त्यांतून निघालेली पिले काही आठवडे एकाच घोळक्याने फिरतात. हा घोळका दुरून पाहिला तर पाण्याखाली कोणी शेंदूर कालवला आहे असे वाटते. जवळून पाहिल्यास नखाएवढी शेकडो नारिंगी पिले एकमेकांना खेटून वळवळत असतात, आणि त्यांनाही हवा लागत असल्यामुळे ती सारखी वर येऊन तोंड टेकवतात, त्यामुळे पाऊस नसतानाही तेवढ्याच परातीएवढ्या जागेत पावसाचे थेंब पडत असल्यासारखे पाणी थरथरते. त्या थरथरीखाली हातभर अंतरावर आई-बाप असतात. त्यांना त्या वेळी भूक असो वा नसो, घोळक्यावरून जे काही जाईल त्यावर ते तुटून पडतात. तेव्हा गळ टाकणाऱ्याला अशी मरळ मिळणे ही कौशल्याची गोष्ट राहत नाही, कारण ती आमिष खाण्यासाठी येत नसून पिले वाचविण्यासाठी येत असते.

प्रस्तुत लेखकाने आपल्या दुसऱ्याच हंगामात अशी मरळ काढली. ती पहिल्याच फेकीला लागली, दोन किलोंच्या आसपास भरली आणि त्या संध्याकाळी घरी तिचे कौतुकही झाले. चौथ्या दिवशी त्याच जागी गेल्यावर शेंदरी घोळका कोठेच नव्हता. जिथे पाणी थरथरत होते तिथे चिलापीचे, म्हणजे 1952 साली भारतात आणलेल्या आणि आता तळ्यातळ्यांत माजलेल्या तिलापियाचे, थवे निवांत फिरत होते. राखण करणाऱ्या मरळीचा धाक गेल्यावर पिलांचे काय होते हे कोणत्याही पुस्तकाने सांगण्याची गरज उरली नाही. एका माशाच्या मोबदल्यात एका ओढ्याची पुढील दोन-तीन वर्षांची मरळ गेली होती, आणि ती घालविणारा हात कोणाचा हे ठाऊक असणारा काठावर एकच माणूस होता.

म्हणून मृगापासून उत्तरा नक्षत्रापर्यंत, म्हणजे साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उथळ पाण्यात मरळीसाठी गळ टाकूच नये, आणि त्यानंतरही शेंदरी घोळका दिसल्यास काठी गुंडाळून दुसरा काठ धरावा. समुद्रातील मासेमारीला महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै अशी बंदी असते, तिचे कारण सर्वांना पटते. तळ्यातील माशाची वीणही त्याच पावसावर अवलंबून आहे. छंद म्हणून पकडलेला मासा जिवंत सोडण्याची रीत अमेरिकेतील बासच्या स्पर्धांत रे स्कॉट यांनी 1972 साली रुजविली. ते वर्ष बीडच्या माणसाला दुष्काळाचे म्हणून आठवते. तळी आटत असताना मासा सोडून देण्याची गोष्ट येथे कोणाला सुचली नसती आणि त्याबद्दल त्या पिढीला दोष देता येत नाही, मात्र आज पोटासाठी नव्हे तर छंदासाठी काठावर जाणाऱ्याला ती सबब उरलेली नाही.

दुसरी चूक गाळाची आहे आणि ती जिवावर बेतली असती. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे हटते तसतशी काठाची जमीन उघडी पडते. तिच्या उंच भागावर लोक गाळपेर करतात, म्हणजे धरणाच्या ओलीवरच पीक घेतात. पाण्याच्या अगदी कडेचा गाळ मात्र फसवा असतो. वरून तो वाळून तडकलेला, पुरणपोळीच्या पापुद्र्याइतका कोरडा दिसतो, पण खाली महिनोन्‌महिने लोण्यासारखा मऊ राहतो. मे महिन्यात अशाच कडेवर गळ नेमका खोल पाण्यात पडावा म्हणून चार पावले पुढे गेल्यावर प्रस्तुत लेखकाचा एक पाय गुडघ्यापर्यंत आणि तो ओढून काढण्याच्या धडपडीत दुसरा मांडीपर्यंत रुतला. जितकी ओढाताण अधिक, तितका गाळ अधिक घट्ट धरीत होता. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी तपासत असलेले एक वयस्क भोई लांबून ओरडले, ‘‘भाऊ, हलू नका, मागं आडवं पडा!’’ त्यांनी तराफा जवळ आणून पुढे सरकवला, आणि त्यावर छाती टेकून एकेक पाय हळूहळू हलवत मोकळा करण्यात पाऊण तास गेला.

त्यांनी नंतर सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत: तडा गेलेल्या गाळावर पाय ठेवण्यापूर्वी लांब बांबू खुपसून पाहावा, एकट्याने कधी जाऊ नये, आणि रुतल्यास उभे राहून पाय न ओढता शरीराचा भार पसरावा. बुडीत क्षेत्रातील जुन्या विहिरींची भीतीही त्यांनीच घातली. धरण होण्यापूर्वी जिथे शेते होती तिथल्या विहिरी पाण्याखाली तशाच असतात, आणि गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल थेट त्यांत पडू शकते. म्हणून अनोळखी काठावर पाण्यात उतरू नये, मग गळ अडकून तुटला तरी चालेल.

गोदावरीच्या पात्रात बंधाऱ्याच्या खाली बसणाऱ्याने पाणी सोडण्याचा भोंगा ऐकताच सामान सोडून वर यावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात. कार्बनची काठी विजेची वाहक असल्यामुळे ढग गडगडताच ती खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ॲप फोनमध्ये असणे उपयोगाचे आहे. शिंगी या माशाच्या बाजूच्या काट्यांत विष असते. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, मात्र काटा आत मोडला असेल किंवा सूज वाढत असेल तर दवाखाना गाठावा.

जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो आणि संस्थेने त्यात पदरच्या पैशाने बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिले, सोडलेली असतात. तेव्हा छंद म्हणून जाणाऱ्यानेही तिची परवानगी घेतलीच पाहिजे. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे. बंदी असलेला विदेशी मांगूर गळाला लागल्यास, आणि तेवढ्यापुरताच, मासा परत सोडण्याचा नियम मोडावा.

सर्वांत अधिक संयम लागतो तो पाणी मृतसाठ्याला टेकल्यावर, म्हणजे दरवाजातून वा कालव्यातून बाहेर न काढता येणारे तळाचे पाणी तेवढे उरल्यावर. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा वर्षी उरलेल्या डबक्यांत मासे दाटतात आणि गळ टाकावा तिथे लागतो. पण पाऊस आल्यावर विणीसाठी उरणारे मासे तेवढेच असतात. मरळ अशा वेळी ओल्या गाळात शिरून, त्वचा ओली राहील तोवर, हवेवर तग धरते. जो गाळ माणसाला मांडीपर्यंत धरतो, त्याच्याच पोटात पुढच्या मृगाची मरळ दडलेली असू शकते, म्हणून आटत्या तळ्याचा गाळ खोऱ्याने उकरून मासे काढू नयेत.

सोडावयाचा मासा हाताळण्याची रीतही शिकण्याजोगी आहे. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करावा, म्हणजे तो ओठातून सहज निघतो. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, आणि मासा तापल्या दगडावर ठेवून छायाचित्र काढू नये. पाण्यात दोन्ही तळव्यांवर आडवा धरला की मरळ क्षणभर निश्चल राहते, मग शेपटीचा एकच फटका मनगटावर बसतो आणि पाणकणसांच्या बुडाशी पाणी गढूळ होते.