आफ्रिकेत आयबी शाळा निवडताना : काय करावे, काय टाळावे

पुण्या-मुंबईहून नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला किंवा लुसाकाला बदली झाली की घर, गाडी, व्हिसा हे सगळं कंपनी बघते. शाळा मात्र आपल्यालाच बघावी लागते, आणि तीही बहुधा तीन-चार आठवड्यांत, भारतात बसून, झूमवर. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेला हा अभ्यासक्रम देश बदलला तरी बदलत नाही, म्हणून सतत बदल्या होणाऱ्या घरांना तो सोयीचा. तो जसा सोयीचा आहे तसा काही ठिकाणी नडतोही. कुठे नडतो ते आधी कळलं तर बरं.

बारावीनंतर मूल कुठे जाणार, तिथून उलटं मोजत या. मूल आज पाचवीत असलं तरी हेच करा. भारतात परत? ब्रिटन-कॅनडा? अजून ठरलं नाही? ‘अजून ठरलं नाही’ हेसुद्धा उत्तर आहे. त्याचा अर्थ असा की कुठलाच दरवाजा बंद न करणारे विषय देणारी शाळा हवी. खालच्या बहुतेक सूचना या एकाच प्रश्नातून निघतात.

मेडिकलचा विचार असेल तर विषयांची यादी आधी मागा, कॅम्पस नंतर बघा. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना हे फार उशिरा कळतं. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात : दोन भाषा, एक समाजशास्त्र गटातला, एक विज्ञान, एक गणित आणि सहावा कलेचा. कलेऐवजी आणखी एखादं विज्ञान घेता येतं. म्हणजे नेहमीच्या मांडणीत दोनच विज्ञानं बसतात. नीटला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात. यावर वाट आहे. तिला ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’ म्हणतात. अमुक देशात मेडिकलला तिन्ही विज्ञानं सक्तीची आहेत, याचा लेखी पुरावा जोडून शाळेने आयबीकडे परवानगी मागायची असते. ही परवानगी मागायला शाळा तयार आहे का, याआधी मागितली आहे का, आणि वेळापत्रकात तिन्ही विज्ञानांचे तास एकमेकांवर न आदळता बसतात का, हे तीन प्रश्न डिप्लोमाच्या (डीपी) को-ऑर्डिनेटरला ईमेलवर विचारा. उत्तरही ईमेलवरच घ्या. ‘वी विल वर्क इट आउट’ हे उत्तर धरू नका.

याच संदर्भात तारखांचा घोळही लक्षात ठेवा. नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे, आणि आयबीची मुख्य परीक्षा एप्रिलअखेर ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. २०२४ साली नीटचं आफ्रिकेतलं केंद्र एकच होतं, लागोस. नैरोबीतल्या मुलीने शुक्रवारी पेपर द्यायचा, शनिवारी विमान पकडायचं, रविवारी नीट द्यायची आणि सोमवारी पुन्हा वर्गात बसायचं, हे कागदावर जमतं. प्रत्यक्षात बरीच मुलं एक वर्ष थांबतात. ते वर्ष आधीच हिशेबात धरलं तर घरात आदळआपट होत नाही. आणि महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएसची जागा हवी असेल, तर ठरावीक सवलती सोडल्यास बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. परदेशात बारावी केली की तो कोटा बहुधा गेला. मग उरतो तो ऑल इंडिया कोटा किंवा खासगी कॉलेजातला एनआरआय कोटा, आणि त्याची फी ऐकून डोळे पांढरे होतात.

गणित कोणतं, हे दहावीतच ठरवा. आयबीत २०१९ पासून दोन गणितं आहेत : ‘अॅनालिसिस अँड अप्रोचेस’ आणि ‘अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’. दोन्ही हायर आणि स्टँडर्ड अशा दोन पातळ्यांवर मिळतात. इंजिनिअरिंग, फिजिक्स किंवा अर्थशास्त्राकडे कल असेल तर पहिलं गणित, आणि जमत असेल तर हायर. छोट्या शाळेत डिप्लोमाच्या वर्गात वीस-पंचवीस मुलं असतात. तिथे हायर गणिताला चारच मुलं आली तर तो तास रद्द होतो. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘पुरेसे विद्यार्थी झाल्यासच’ असं छापलेलं असतं. सगळ्या माहितीपत्रकात तीच ओळ सर्वांत कामाची.

‘आयबी स्कूल’ या पाटीवर विसंबू नका. आयबी प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी मान्यता देते : पीवायपी लहान मुलांसाठी, एमवायपी मधल्या वर्गांसाठी, डीपी शेवटच्या दोन वर्षांसाठी. एखाद्या शाळेला पीवायपीची मान्यता असते, पण डीपीला ती अजून ‘कँडिडेट’ असते, म्हणजे उमेदवार. उमेदवार शाळेतून डिप्लोमाची परीक्षा देता येत नाही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून कोणत्या कार्यक्रमाला कधी मान्यता मिळाली ते दोन मिनिटांत दिसतं. बऱ्याच शाळांत मधल्या वर्गांना केंब्रिजचं आयजीसीएसई आणि वर डीपी असतं. त्यात वावगं काही नाही. भारतात परतायची शक्यता असेल तर दहावीच्या वयाला आयजीसीएसईचं प्रमाणपत्र हातात असलेलं बरंच.

नववी ते बारावीत शाळा बदलायची वेळ येऊ देऊ नका. भारतात परतायचंच असेल तर आठवीच्या शेवटी परता, नाहीतर बारावी तिथेच पूर्ण करा. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे सलग अभ्यासक्रम आहेत. दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश कारणाशिवाय मिळत नाही. डिप्लोमाही दोन वर्षांचाच. पहिल्या वर्षानंतर नैरोबीहून अक्राला गेलात तर नव्या शाळेत तेच सहा विषय त्याच पातळीवर मिळतीलच असं नाही. कंपनीशी बदलीचं बोलणं होतं तेव्हा कोणत्या वर्षी बदली नको हे तोंडानं सांगून भागत नाही, करारात घालून घ्या. असं कलम मागितलं म्हणून बॉस रागावला तर रागावू द्या.

फीच्या आकड्याखालच्या ओळी वाचा. शिकवणी फी वेगळी, रजिस्ट्रेशन वेगळं, कॅपिटल लेव्ही किंवा डेव्हलपमेंट फी वेगळी (ही बहुधा परत मिळत नाही), डिपॉझिट वेगळं, बस वेगळी, आणि शेवटच्या वर्षी आयबीच्या परीक्षेची फी त्याहून वेगळी. कंपनी ‘स्कूल फी’ देते म्हणते तेव्हा यातलं नेमकं काय देते आणि त्यावरचा स्थानिक कर कोण भरतं, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

चलन हा दुसरा फास. फी बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये असते. पगार नायरा, बिर किंवा क्वाचात असेल तर धोका तुमचा. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायरा बाजारावर सोडला तेव्हा डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत होते. वर्षाच्या आत दर दीड हजारावर गेला. जुलै २०२४ मध्ये इथिओपियाने बिर सोडला, तेव्हाही डॉलर काही आठवड्यांत सत्तावन्न बिरवरून शंभरापलीकडे पोचला. फी तीच राहिली, पगारही तोच राहिला, आणि मूल वर्षाच्या मध्यात शाळेबाहेर काढावं लागलं, असं झालेली घरं आहेत. फी कंपनीने शाळेला थेट भरावी, हा सर्वांत सोपा उपाय.

घर आणि शाळा यांत अंतर ठेवू नका. आपली माणसं, देऊळ, वाणसामान ज्या भागात त्या भागात राहावंसं वाटतं. नैरोबीत पार्कलँड्स-वेस्टलँड्स, दार-ए-सलाममध्ये उपांगा. पण दारमधल्या इंटरनॅशनल स्कूल ऑफ टांगानिकाच्या लहान मुलांचे वर्ग उपांगात आणि मोठ्यांचे मसाकीत भरतात. दोन मुलं दोन वयांची असली तर सकाळी गाडी कुणाकडे, हा रोजचा वाद. कंपालातली इंटरनॅशनल स्कूल ऑफ युगांडा एंटेबे रस्त्यावर लुबोवाला आहे. नकाशावर ती जवळ दिसते, सकाळी सातला दिसत नाही. शाळेच्या बसचा मार्ग आणि पहिल्या थांब्याची वेळ विचारा. साडेपाचला थांब्यावर उभं राहणारं पोर एमवायपीच्या वर्गात झोपणारच.

निवडणुकांची तारीख बघा. हे भारतात कुणी बघत नाही, इथे बघावं लागतं. २०२४ च्या ऑक्टोबरातल्या निवडणुकीनंतर मोझांबिकच्या मापुटोत आठवडेच्या आठवडे रस्ते बंद पडत होते. २०२५ च्या ऑक्टोबरात टांझानियात मतदानाच्या दिवशीच इंटरनेट बंद झालं आणि दारमध्ये संचारबंदी लागली. बऱ्याच शाळा मतदानाच्या आठवड्यात सरळ सुट्टी देतात, हे शहाणपणाचं. इंटरनेट बंद असताना अभ्यास कसा चालतो, परीक्षा कुठे हलवतात, संकटात मुलांना कुठे ठेवतात, हे विचारा. चांगल्या शाळेकडे याचं छापील उत्तर असतं आणि ते द्यायला कुणी संकोचत नाही.

शाळेचा सरासरी स्कोअर ऐकून भाळू नका. डिप्लोमा ४५ गुणांचा, उत्तीर्ण व्हायला निदान २४ लागतात, जगाची सरासरी साधारण ३० च्या आसपास असते. ‘आमची सरासरी ३४’ असं कुणी म्हणालं की विचारा : अकरावीला किती मुलं होती आणि त्यांतल्या किती जणांनी पूर्ण डिप्लोमा दिला? कच्ची मुलं सुट्या विषयांच्या प्रमाणपत्रांकडे वळवली की सरासरी आपोआप वर जाते. भारतात येणाऱ्या मुलाला मात्र पूर्ण डिप्लोमाच बरा. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज १९८३ पासून तो बारावीच्या तोडीचा मानते.

शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा. आंतरराष्ट्रीय शाळांतले करार बहुधा दोन वर्षांचे. डिप्लोमाच्या मधोमध केमिस्ट्रीच्या बाई गेल्या तर मुलाचं काय होतं, ते सांगायला नको. गेल्या जूनमध्ये किती जण सोडून गेले, एवढं विचारा. प्रिन्सिपलला हा प्रश्न आवडत नाही, हीच त्याची किंमत.

काउन्सेलरला भारताबद्दल विचारा. बऱ्याच शाळांत काउन्सेलरला अमेरिकेची कॉलेजं तोंडपाठ असतात आणि भारताचं नाव निघालं की ते गूगल उघडतात. गेल्या तीन वर्षांत भारतात गेलेली मुलं किती, आणि कुठे? मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तोवर बहुतेक प्रवेश प्रिडिक्टेड ग्रेडवर पुढे सरकतात. पुण्याचं फ्लेम, सोनीपतचं अशोका यांना आयबी नवी नाही, पण प्रत्येक विद्यापीठ इतकं सैल नसतं. जाता जाता एक : २०२३ पासून आयआयटी मद्रासचा कॅम्पस झांझिबारला आहे आणि त्याचा प्रवेश जेईईवर चालत नाही. दारमध्ये राहून हे ठाऊक नसलेली मराठी घरं पुष्कळ आहेत.

मराठी सोडून देऊ नका. डिप्लोमातल्या पहिल्या भाषेसाठी ‘स्कूल सपोर्टेड सेल्फ-टॉट’ अशी सोय आहे. शाळेत मराठी शिकवणारं कुणी नसलं तरी मूल बाहेरच्या ट्यूटरच्या मदतीने मराठी साहित्याचा अभ्यास स्टँडर्ड पातळीवर करू शकतं. यादीत नसलेल्या भाषेसाठी शाळेने आयबीकडे विशेष विनंती करायची असते, आणि तिची मुदत वर्ग सुरू होण्याच्या खूप आधी संपते. म्हणून नववीतच को-ऑर्डिनेटरच्या कानावर घाला. इंग्रजी आणि मराठी दोन्ही पहिल्या भाषा म्हणून घेतल्या तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. मात्र मुलाला मराठी सहज वाचता येत असेल तरच या फंदात पडा. घरात बोलता येणं आणि दोन वर्षं कादंबऱ्यांवर निबंध लिहिणं यांत फार अंतर आहे. ते झेपत नसेल तर पूर्व आफ्रिकेत मिळणारी स्वाहिली घ्या, ती शाळेबाहेरही कामाला येते.

वसतिगृहाला नाक मुरडू नका. मोशी आणि अरुषाचं यूडब्ल्यूसी ईस्ट आफ्रिका, मोम्बासाची आगा खान अकादमी, इस्वातिनीतलं वॉटरफर्ड कम्हलाबा : बापाची नोकरी खाणीवर किंवा साखर कारखान्यावर असेल तर मुलांसाठी हेच योग्य. वॉटरफर्ड १९६३ सालची, वर्णभेदाला विरोध म्हणून काढलेली शाळा. नेल्सन मंडेलांच्या मुली तिथे शिकल्या.

आरोग्याची कागदपत्रं हलक्यात घेऊ नका. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. ती नसेल तर यलो फीव्हरच्या देशांतून भारतात उतरताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. नैरोबी आणि अदिस उंचावर आहेत, तिथे मलेरियाची फारशी चिंता नाही. दार, अक्रा, लागोस यांचं तसं नाही. शाळेच्या सहली मात्र उंचावरून खाली येतात, तेव्हा सहलीच्या फॉर्मवर गोळ्यांचं कलम आहे का ते बघा.

आणि आयबीचाच हट्ट धरू नका. दोन वर्षांचीच नेमणूक असेल, मूल सातवीत असेल आणि परत पुण्यालाच यायचं नक्की असेल तर लागोसच्या इंडियन लँग्वेज स्कूलसारखी सीबीएसईची शाळा स्वस्त पडते आणि परत आल्यावर मूल गणितात मागेही पडत नाही.

शेवटचं, डिपॉझिटबद्दल. बहुतेक शाळांत मूल काढायचं तर एक टर्म आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर डिपॉझिट जप्त होतं. बदलीची ऑर्डर मात्र महिन्याच्या मुदतीने येते. बदली झाल्यास नोटिशीची अट माफ, असं कलम प्रवेशाच्या वेळीच मागा. मागितलं तर बऱ्याचदा मिळतं.